सिअ‍ॅटलचा म्बीरा-मरिंबा ग्रुप: नक्की जा, पण बसायची जागा नीट निवडा

आधी मुद्द्याचं सांगते. सिअ‍ॅटल किंवा आसपास राहत असाल आणि लाइव्ह संगीतासाठी एखादी शनिवार संध्याकाळ काढणार असाल तर हा ग्रुप ऐकाच. झिंबाब्वेच्या शोना लोकांचं म्बीरा (अंगठ्यांनी वाजवायचं लोखंडी पट्ट्यांचं वाद्य) संगीत आणि तिथूनच आलेलं मरिंबा (काठ्यांनी वाजवायचं लाकडी पट्ट्यांचं मोठं वाद्य), दोन्ही वाजवतात, आणि मनापासून वाजवतात. नाव लिहीत नाहीये, कारण खाली दोनतीन तक्रारीपण आहेत आणि ही सगळी नोकऱ्या सांभाळून, रात्री कोणाच्यातरी गॅरेजमधे रियाज करणारी माणसं आहेत, त्यांना नावानिशी टोचायचं नाहीये. इथल्या मरिंबा कार्यक्रमांना जाणाऱ्यांना वर्णनावरून कळेलच कोण ते.

कार्यक्रमाचे दोन भाग असतात. पहिला म्बीराचा, बसून ऐकायचा, आणि मधल्या सुट्टीनंतर मरिंबा, तेव्हा खुर्च्या बाजूला सरकवतात आणि अर्धा हॉल नाचत असतो. बहुतेक लोक दुसऱ्या भागासाठी येतात, काही तर सरळ सुट्टीतच पोचतात. माझं म्हणणं उलटं आहे, पहिला भाग चुकवू नका, या ग्रुपचं खरं कसब तिथं आहे. पण मरिंबाबद्दल आधी लिहिते, कारण तो समजायला सोपा.

स्टेजवर सात मरिंबा असतात. तीन सोप्रानो, दोन टेनर, एक बॅरिटोन, एक बास, म्हणजे सगळ्यात उंच सुरांपासून सगळ्यात खालच्यांपर्यंत. लाकडी पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीखाली तिच्या सुराच्या मापाचा प्लास्टिकचा पाइप. पाइपच्या खालच्या टोकाला एक भोक पाडून त्यावर पातळ पडदा ताणून लावलेला असतो, त्यामुळे पट्टीवर टोला पडला की सुराबरोबर एक झणझण येते. ती झणझण मुद्दाम ठेवलेली आहे, वाद्य खराब नाहीये (माझ्या शेजारच्या माणसाने बायकोला हळूच तसं सांगितलं म्हणून लिहिते). बास मरिंबा तर एवढा मोठा की त्याच्या पट्ट्या छोट्या फळ्यांसारख्या दिसतात आणि वाजवायच्या काठ्यांच्या टोकाला रबरी चेंडू असतात. त्याचा सूर कानाला ऐकू येण्याआधी छातीत कळतो.

आता बरेच लोक समजतात की हे सगळं शेकडो वर्षं जुनं. म्बीराच्या बाबतीत ते खरंय, पण झिंबाब्वेतला हा मरिंबा तसा अलीकडचा. १९६० च्या दशकात बुलावायो शहरातल्या क्वानोंगोमा कॉलेजमधे तो घडला. तिथं शाळांसाठी संगीत शिक्षक तयार करायचे होते आणि असं वाद्य हवं होतं जे शोना किंवा न्देबेले या तिथल्या दोन मोठ्या समाजांपैकी कोणा एकाचं म्हणून ओळखलं जाणार नाही. शेजारच्या मोझांबिकमधे चोपी लोकांचं तिंबिला आणि झांबियात लोझी लोकांचं सिलिंबा ही अशी पट्ट्यांची वाद्यं होतीच, त्यांच्यावरून हा नवा मरिंबा बेतला. पट्ट्या पाश्चात्य सी मेजरच्या सुरांत लावल्या, वर एक एफ शार्प घातला, म्हणजे दोन स्केलमधे गाणी बसवता येतील. त्या शाळेच्या मरिंबावर लोकांनी मग म्बीराची जुनी गाणी उतरवली आणि ते इतकं जमलं की आज जगभर झिंबाब्वेचा मरिंबा म्हणून तोच ओळखला जातो.

आणि सिअ‍ॅटलशी त्याचं नातं तर फारच जवळचं आहे. दुमिसानी मराइरे हे क्वानोंगोमात शिकलेले संगीतकार १९६८ साली इथं युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधे शिकवायला आले. त्यांनी विद्यार्थ्यांना मरिंबा शिकवला, ग्रुप काढले, त्या विद्यार्थ्यांनी पुढच्यांना शिकवलं, आणि असं करत करत वॉशिंग्टन आणि ऑरेगन राज्यांत एवढे मरिंबा ग्रुप झाले की मोजता येणार नाहीत. त्यांची मुलगी चिवोनिसो मराइरे, जी पुढे म्बीरा वाजवणारी आणि गाणारी म्हणून जगभर गाजली, तिचा जन्मही इथल्याच ऑलिंपिया शहरातला, १९७६ सालचा. दोघंही आता नाहीत, वडील १९९९ मधे गेले आणि मुलगी २०१३ मधे, तीसुद्धा अगदी तरुण वयात. या ग्रुपमधे केस पांढरे झालेल्या एक बाई बॅरिटोन वाजवतात, त्या थेट मराइरेंच्या वर्गात शिकलेल्या आहेत आणि त्यांच्या हातात जो ठहराव आहे तो बाकी कोणाकडे नाही. बाकीचे जोशात लय वाढवायला लागले की त्या वाढवत नाहीत, जागच्या हलत नाहीत, आणि सगळे गुपचूप त्यांच्यापाशी परत येतात.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. या संगीतात मुख्य धून कोणीच वाजवत नाही. आपल्याला सवय असते की एक गाणारा किंवा एक सतार, आणि बाकी सगळे साथीला. इथं प्रत्येकाकडे एक छोटा तुकडा असतो, एकट्याने वाजवला तर अर्धवट वाटेल असा, आणि तो दुसऱ्याच्या तुकड्यातल्या मोकळ्या जागांत बरोबर बसतो. मग दोघांच्या मधून एक तिसरी धून ऐकू येते जी कोणाच्याच हातात नसते. तुम्ही बासकडे कान दिलेत तर एक गाणं ऐकू येतं, टेनरकडे दिलेत तर दुसरंच, आणि शेजारी बसलेल्याला तिसरं. हे जमायला प्रत्येकाने आपला तुकडा घट्ट धरून ठेवावा लागतो आणि त्याचवेळी दुसऱ्यालाही ऐकावं लागतं. बऱ्याच हौशी ग्रुपमधे पहिलं जमतं, दुसरं जमत नाही, मग सात जण शेजारी शेजारी उभे राहून आपापलं वाजवतायत असं होतं. हा ग्रुप खरंच एकमेकांना ऐकतो. बघितलंत तर दिसेल की ते स्वतःच्या हाताकडे फार कमी बघतात.

म्बीराच्या भागात तर हे अगदी उघडं पडतं, कारण तिथं फक्त दोन म्बीरा आणि एक होशो, म्हणजे खुळखुळ्यांची जोडी. ज्यांनी म्बीरा पाहिली नसेल त्यांच्यासाठी, एका जाड लाकडी फळीवर लोखंडाच्या चपट्या केलेल्या पट्ट्या बसवलेल्या असतात, २२ ते २८, आणि त्या दोन अंगठे आणि उजव्या हाताची तर्जनी एवढ्यांनीच वाजवायच्या. अंगठे वरून दाबतात, तर्जनी खालून वर उचलते. उजवी करंगळी फळीच्या कोपऱ्यातल्या भोकात अडकवतात, त्यावर वाद्य तोललं जातं. डावीकडे पट्ट्यांच्या दोन ओळी, उजवीकडे एक. मग ते सगळं भोपळ्याच्या मोठ्या अर्ध्या वाडग्यात, म्हणजे देझेमधे, काठीने अडकवून मांडीवर घेतात. फळीवर आणि देझेच्या कडेला बाटल्यांची बुचं लावलेली असतात, पूर्वी गोगलगायीचे शंख असायचे, आणि प्रत्येक सुराबरोबर ती खुळखुळतात.

माझ्याबरोबर आई होती, तिचं सगळं आयुष्य हिंदुस्थानी संगीत ऐकण्यात गेलंय. मला वाटलं या आवाजाने वैतागेल. पहिल्या गाण्यातच ती माझ्याकडे वाकून म्हणाली, "अगं, यांनी जवारी लावलीये बघ." मला इतकं बरोबर वाटलं ते. तानपुऱ्याची जवारी काढून टाकली तर जसा नुसता तारेचा कोरडा सूर उरेल तसंच इथं बुचं काढली तर होईल. त्या झणझणाटात सूर एकमेकांत मिसळतात आणि जे वाजवलेलंच नाही तेही ऐकू यायला लागतं. पुढे न्हेमामुसासा हे गाणं वाजवताना आईने डोळे मिटले ते गाणं संपेपर्यंत उघडले नाहीत आणि नंतर विचारलं, "ती वरची बाई कुठून गात होती गं?" स्टेजवर तेव्हा कोणीच गात नव्हतं, ते म्बीरातूनच येत होतं.

रचना ऐकायची थोडी किल्ली देते, मला ती माहीत झाल्यावर ऐकण्यात खूप फरक पडला. बहुतेक गाण्यांचं एक आवर्तन ४८ बारीक मात्रांचं असतं, १२ च्या चार ओळी, आणि प्रत्येक ओळीत थोडासाच बदल. पहिला वादक जो भाग वाजवतो तो कुशाउरा, दुसरा वादक त्यात जो गुंफतो तो कुत्सिन्हिरा. काही गाण्यांत तर दुसरा माणूस जवळजवळ तेच वाजवतो पण एक मात्रा मागे राहून, आणि तेवढ्यानेच सुरांचा असा काही ओघ लागतो की दोनच माणसं आहेत यावर विश्वास बसत नाही. त्या १२ मात्रा तीन-तीनच्या धरल्या तर चार ठोके पडतात, दोन-दोनच्या धरल्या तर सहा, आणि दोन्ही एकाच वेळी चालू असतात. पाय एका हिशोबात हलतो, मान दुसऱ्या. सम शोधत बसू नका. आपल्याला सवय असते समेवर येण्याची, इथं आवर्तनात शिरायला बरीच दारं आहेत, कुठूनही आत जा. कारिगा मोंबे हे गाणं त्यासाठी चांगलं, शिकणाऱ्यांना बहुतेकदा तेच आधी शिकवतात, त्यामुळे ते तुलनेनं मोकळं आहे आणि दोन्ही भाग वेगवेगळे ओळखू येतात.

होशोवाल्याबद्दल वेगळं लिहायलाच हवं. होशो म्हणजे बिया भरलेल्या भोपळ्यांचे दोन खुळखुळे, बघायला सोपं वाटतं, पण प्रत्येक ठोक्याचे तीन तुकडे करून तासभर एकाच धारेनं वाजवणं हे भयंकर दमवणारं काम आहे. बिया भोपळ्याच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला एकदम आपटल्या पाहिजेत, सरकत गेल्या तर फसफस आवाज येतो आणि लयीला धार राहत नाही. या ग्रुपमधला होशो वाजवणारा मुलगा विशीतला असेल आणि अख्ख्या संध्याकाळचा सगळ्यात उत्तम वादक मला तोच वाटला. म्बीरा कितीही सुंदर असो, होशो ढिला पडला की सगळं झोपतं. इथं एकदाही पडला नाही.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी साउंडची. म्बीराच्या भागात माइक देझेच्या तोंडाशी लावला होता आणि साउंडवाल्याने, बहुतेक सवयीने, वरचा सगळा खुळखुळ कापून टाकला, सूर गोल आणि स्वच्छ करून टाकला. पहिली दोन गाणी तशीच गेली, मग वादकांपैकी एकाने स्वतः उठून माइक लांब सरकवला तेव्हा कुठे वाद्याचा खरा आवाज आला. शंभरेक माणसांचा लाकडी जमिनीचा हॉल, तिथं मुळात माइकची गरजच नव्हती, लोक गप्प बसले असते तर सगळ्यांना ऐकू आलं असतं. आणि मरिंबाच्या भागात उलट, सात मरिंबा आणि ड्रम मिळून एवढा आवाज आणि वर परत स्पीकर. ग्रुपने साउंडवाल्याला आधी बसून सांगायला हवं की तो खुळखुळ कापायचा नाहीये.

दुसरी तक्रार गाण्यांच्या लांबीची. म्बीराची गाणी त्यांनी सहा-सात मिनिटांत गुंडाळली. हे संगीत मुळात रात्रभर चालणाऱ्या, पूर्वजांच्या आत्म्यांना बोलवायच्या बीरा विधीसाठीचं, एकेक गाणं फिरत फिरत खूप वेळ वाजतं आणि वादक हळूहळू त्यातली वेगवेगळी वळणं वर काढत जातात. सहा मिनिटांत कान नुकता आत शिरतो आणि टाळ्या पडतात. मला कळतं की इथला प्रेक्षक नवा आहे, कंटाळेल अशी त्यांना भीती वाटते, पण त्या दिवशी न्हेमामुसासा जरा लांबलं होतं आणि तेव्हाच हॉल सगळ्यात जास्त शांत होता, म्हणजे भीती खोटी आहे. पाच गाण्यांऐवजी दोन वाजवा पण पूर्ण वाजवा.

तिसरी, टाळ्या. निवेदिका दर गाण्यात लोकांना टाळ्या वाजवायला लावते आणि सगळे चार ठोक्यांवर धाडधाड वाजवतात, त्यात ते दोन हिशोब एकाच वेळी चालू असण्याची गंमतच मरते. शोना लोकांमधेही टाळ्या असतात, पण त्यांचे स्वतःचे पॅटर्न असतात, होशोमधे गुंफलेले. दोन मिनिटं काढून ते शिकवले तर लोक आनंदाने करतील.

गाणं ही त्यांची सगळ्यात कच्ची बाजू. शोना गायनात खालच्या सुरात गुणगुणल्यासारखं, अर्थ नसलेल्या अक्षरांवर गायचा एक प्रकार असतो, वर उंच आवाज फेकायचा एक, आणि मधेमधे ओव्यांसारख्या ओळी टाकायचा तिसरा. इथं दोघी जणी खालचं गुणगुणणं छान करतात, वरचं मात्र शाळेच्या कॉयरसारखं गुळगुळीत येतं. त्या दिवशी हरारेहून आलेले एक पाहुणे वादक शेवटच्या म्बीरा गाण्यात गायला बसले आणि फरक लगेच कळला, त्यांनी वरचा आवाज टाकला तेव्हा हॉलमधल्या दोनतीन झिंबाब्वेच्या बायकांनी मागून लांबलचक हाळी दिली आणि एकदम सगळं जिवंत झालं.

एक प्रश्न बरेच जण विचारतात की अमेरिकन लोकांनी दुसऱ्यांच्या पूर्वजांच्या विधीचं संगीत तिकीट लावून वाजवावं का. प्रश्न योग्यच आहे. बीरामधे म्बीरा वाजवतात तो पूर्वजांच्या आत्म्यांना बोलवायला, त्यांच्याकडून सल्ला घ्यायला, करमणूक म्हणून नाही. आणि याच कारणासाठी मिशनऱ्यांनी वसाहतीच्या काळात हे वाद्य पापाचं ठरवलं होतं, चर्चमधे जाणाऱ्या घरांत ते लपवून ठेवावं लागायचं. स्टेला चिवेशे या झिंबाब्वेच्या म्बीरावादक तर अशा काळात म्बीरा शिकल्या जेव्हा बाईला शिकवायला सहसा कोणी तयारच होत नसे, आणि पुढे जगभर वाजवून २०२३ साली त्या गेल्या. तिथलेच गायक थॉमस माप्फुमो यांनी म्बीराच्या चाली इलेक्ट्रिक गिटारवर आणल्या आणि ती गाणी स्वातंत्र्यलढ्याची गाणी झाली, १९८० मधे देश स्वतंत्र झाला. एवढं सोसून टिकलेलं हे संगीत आहे. २०२० मधे युनेस्कोने मलावी आणि झिंबाब्वेची म्हणून म्बीरा बनवायची आणि वाजवायची कला वारशाच्या यादीत घेतली.

मला हा ग्रुप या बाबतीत प्रामाणिक वाटला. प्रत्येक गाण्याआधी ते सांगतात की हे कोणत्या गुरूकडून शिकलो, विधीतलं आहे की नंतर मरिंबासाठी रचलेलं आहे. विधीतल्या गाण्यांवर ते लोकांना नाचायला उठवत नाहीत, कोणी आपणहून उठलं तर अडवत पण नाहीत. तिकिटातला एक भाग झिंबाब्वेतल्या शिक्षकांना जातो आणि किती गेला ते दाराशी कागदावर लिहून लावलेलं असतं. अंगात आफ्रिकन प्रिंटचे कपडे घालून नटणं नाही, साधे कपडे. आणि म्बीरा-मरिंबा एकत्र वाजवायचा मोह त्यांनी टाळलाय याचं मला फार कौतुक वाटलं. म्बीराचं ट्यूनिंग बनवणाऱ्यागणिक वेगळं असतं, पियानोच्या सुरांशी ते जुळत नाही आणि जुळावं असंही नाही. सी मेजरच्या मरिंबाबरोबर वाजवायचं तर म्बीरा त्याच्या मापाने घासून घ्यावी लागते. त्यांनी ते केलं नाही, दोन भाग वेगळे ठेवले, मधे सुट्टी दिली, कान ताजे होतात.

त्यांची नवशिक्यांसाठी मरिंबाची कार्यशाळा पण केली, तीही घ्याच. नोटेशन अजिबात नाही. शिकवणारी तुकडा आधी तोंडाने गाते, मग वाजवते, मग तुम्ही, आणि जमला की लगेच शेजारच्याला दुसरा तुकडा देते. दुपार संपेपर्यंत आठ अनोळखी माणसं मिळून एक अख्खं गाणं वाजवत होतो. ज्यांना बोटांनी वाजवायचं काहीतरी घरी न्यायचंय त्यांच्यासाठी शिकवणारी १५ पट्ट्यांची लहान म्बीरा, म्हणजे करिंबा, सुचवते, मराइरेंनी इथं तीच रुजवली, मोठ्या म्बीरापेक्षा हातात लवकर बसते. ऑनलाइन मिळणाऱ्या खेळण्यातल्या कलिंबा घेऊ नका, त्यांच्यावर ही गाणी बसतच नाहीत, पट्ट्यांची मांडणीच वेगळी असते.

कामाच्या गोष्टी. तिकीट २० डॉलर, १२ वर्षांखालच्या मुलांना फुकट, आणि परवडत नसेल तर दाराशी सांगा, आत सोडतात. पहिल्या भागात पुढे आणि मधोमध बसा, म्बीरा जेवढी जवळ तेवढी चांगली. दुसऱ्या भागात तिथून उठा आणि बासच्या बाजूला जा, सोप्रानोच्या समोर राहिलात तर टोकदार आवाजाने तासाभरात डोकं दुखेल. लहान बाळांना कानाला संरक्षण लावा. वयस्कर माणसांना घेऊन जात असाल तर सुट्टीत खुर्च्या हलवतात तेव्हा भिंतीकडेची खुर्ची आधीच पकडून ठेवा, आईसाठी मला ते करावं लागलं. आधी फुकट चाखून बघायचं असेल तर मे अखेरीस सिअ‍ॅटल सेंटरला फोकलाइफ फेस्टिवल असतो, तिथं मरिंबा ग्रुप हमखास असतात, पण उघड्यावर म्बीरा ऐकायचा प्रयत्न करू नका, गर्दीत काही हाती लागत नाही.

मरिंबाच्या भागाला माझ्याकडून पाचपैकी चार, म्बीराच्या भागाला साउंडमुळे साडेतीन, होशोला पाच. बाहेर पडताना त्यांच्या सूचनांच्या वहीत मी लिहून आले की एक कार्यक्रम फक्त म्बीराचा करा, माइकशिवाय, दोनच गाणी, पाहिजे तर तिकीट वाढवा. आणखीही कोणी जाऊन तेच लिहिलंत तर कदाचित करतील.